सरवा



आजचं वाचन : लेवीय 19:9-10 आणि रूथचा दुसरा अध्याय. आधी बायबल उघडून वाचून घ्या, मग इकडे या. दहा मिनिटं लागतील.

दसऱ्याच्या सुट्टीत मी पुण्याहून अंबडला घरी गेलो होतो. शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. यंत्र शेजाऱ्याकडे गेलं आणि गंजीच्या जागी एक बाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची पोरगी मातीत बसून सांडलेले दाणे वेचू लागल्या. मी बांधावरून ओरडलो, "ओ बाई, कुणाला विचारून बसलात?" ती काही बोलली नाही. ओट्यातलं होतं तेवढं तिथंच ओतलं, पोरीचा हात धरला आणि निघून गेली.

रात्री जेवताना आजीला कळलं. ती एवढंच म्हणाली, "सरव्याला कुणी हाकलतं का रे?" आणि उठून गेली. भाकरी अर्धी ठेवून.

1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी फडक्यात बांधून घरी आणायची. हे मला माहीत होतं, पण कौतुकाची गोष्ट म्हणून.

मी दशांश देतो. पगार झाला की दुसऱ्या दिवशी जातो, ऑटो-डेबिट आहे. त्यामुळे गरिबांच्या बाबतीत आपला हिशोब चोख आहे असंच मला वाटायचं. मग लेवीय उघडलं तर तिथं आजीचाच शब्द, सरवा. उपासनेत इतक्यांदा ऐकलेला, पण तो आपल्या शेतातला आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

नीट वाचा. पोतं भरून गरिबाच्या दारात नेऊन टाक, असं देव इथं म्हणत नाही. कोपरे कापू नकोस, पडलेलं उचलू नकोस, द्राक्षमळ्यात गळालेली फळं गोळा करू नकोस. (आमच्याकडे द्राक्षं नाहीत, मोसंबी आहे. गळ तिलाही होतेच.) ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवायचं. म्हणजे ती बाई माझं काही घेतच नव्हती. तिचा वाटा मी अडवला होता.

पप्पा म्हणाले, असं सगळ्यांना सोडलं तर उद्या मोटारीची केबलही नेतील. खरंय, नेतात. वचनालाही ते ठाऊक आहे. अनुवाद 23 मध्ये दुसऱ्याच्या मळ्यात पोटभर खायची मोकळीक आहे, टोपलीत भरून न्यायची नाही. पण चोराच्या भीतीनं सरवा बंद करायला कुठंच सांगितलेलं नाही.

बवाज तर आणखी पुढं जातो. रूथ मवाबी, परकी, विधवा. तिला रागावू नका, असं तो गड्यांना बजावतो आणि पेंढ्यांमधून थोडं मुद्दाम सोडत जा म्हणतो. तिला मागावं लागू नये, एवढी काळजी.

आपल्या जालन्यातही हे घडलंय. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, 1843 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं जालन्याच्या भागात त्यांनी मातंग आणि महार समाजात सेवा केली. या लोकांना गावात मानाची जागा नव्हती. शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. धान्य वाटून ते परत जाऊ शकले असते. मला त्या जमिनीचंच जास्त वाटतं. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहणाऱ्याला स्वतःचा बांध मिळाला.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे शेत कुठंय? माझ्याकडेही पुण्यात वन बीएचके आहे, तोही भाड्याचा. पण भांडी घासायला मावशी येतात. मागच्या महिन्यात त्या चार दिवस आल्या नाहीत, नातू आजारी होता. मी चार दिवसांचे पैसे कापले. स्वतःच्या सिक लीव्हचा पगार मात्र पूर्ण घेतला. कोपऱ्यापर्यंत कापणी म्हणजे हीच, अजून काय!

परत आल्यावर ते पैसे त्यांना दिले. त्यांनी विचारलं, "कशाचे?" मी म्हणालो, "तुमचेच आहेत, मावशी." त्यांनी दोनदा मोजले.

अंबडची ती बाई मात्र नंतर आली नाही. दुसऱ्या दिवशी आजी तिथं जाऊन बसली, दुपारपर्यंत. ते ओतलेले दाणे कुणी उचलले नाहीत. पाखरांनी खाल्ले.

प्रार्थना : प्रभू येशू, मी तिचं नावही विचारलं नाही. तुला ते माहीत आहे. आज ती ज्या कुणाच्या शेतात असेल, तिथल्या माणसाला बवाजाचं मन दे. आणि पुढच्या सुगीला तिला आमच्या बांधावर परत आण. आमेन.