टक्के वेगळे, दाब वेगळा

पेपर मिळाले ना? मग माना खाली घालून बसू नका, इकडे बघा.

निम्म्या वर्गानं लिहिलंय, एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेत ऑक्सिजन सात टक्के असतो. कुठून आणलंत हे? कोरड्या हवेत नायट्रोजन 78.08 टक्के, ऑक्सिजन 20.95 टक्के, आपल्या किनवटला तेच आणि एव्हरेस्टवरही तेच. तिथं घटतो तो एकूण दाब. समुद्रसपाटीला 760 मिलिमीटर पारा, माथ्यावर सुमारे 253. त्याला 0.2095 नं गुणा, ऑक्सिजनचा आंशिक दाब 53 येईल. माणसाला धाप लागते ती या 53 मुळे. डाल्टनचा नियम घडाघडा म्हणता, पण मोल अपूर्णांकाला एकूण दाबानं का गुणायचं, हे एकालाही सांगता आलं नाही.

दुसरं. किनवटच्या हवेचं गणित होतं, आणि सगळ्यांनी डोळे झाकून 760 धरले! आपण समुद्रकाठी राहतो का? सुमारे तीनशे मीटर उंचीवर दाब 733 च्या आसपास असतो. पावसाळ्यात 30 अंशाला हवा बाष्पानं संपृक्त झाली की त्यातले 32 बाष्पाचे. ते आधी वजा करायचे, उरलेल्या 701 चे 20.95 टक्के काढायचे. उत्तर 147. बाष्प विसरून 153.6 लिहिणाऱ्यांना मी एकही गुण दिलेला नाही, मागायलाही येऊ नका.

"सर, एवढ्यानं काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यानं नीट ऐकावं. 9 एप्रिल 2024 ला नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात, बायोगॅससाठी शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एकामागून एक माणसं उतरली. पाच जण गेले. अशा विहिरीत एव्हरेस्टच्या उलट घडतं. सोपं करायला बाष्प बाजूला ठेवा आणि तळाशी निम्मी हवा हटवून दुसरे वायू भरले असं धरा: एकूण दाब 733 च राहतो, कानाला काही जाणवत नाही, पण ऑक्सिजनचा आंशिक दाब 77 वर येतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड असेल तर दहा लाखांत शंभर भागही जिवावर बेततात. आणि कंदील सोडून बघू म्हणाल तर मिथेन पेट घेईल.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या शेतात विहीर आहे. सोमवारी सगळी गणितं एककांसकट पुन्हा सोडवून आणा. आणि बंद विहिरीत कुणी उतरायला निघालं, मग तो घरातला कितीही मोठा माणूस असो, हात धरून त्याला अडवा.