दान आणि दात्याची मर्जी

दान सत्पात्री असावे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पात्रता ठरविण्याचा अधिकार मात्र दात्याने स्वतःकडेच ठेवला. आफ्रिकेतील खेड्यांना हाच अधिकार अनेकदा नडला. मुलांनी खेळता खेळता चक्री फिरवावी आणि तिच्यावर पाणी उपसले जावे, या ‘प्लेपंप’ योजनेला २००६ साली अमेरिकेत मोठा आश्रय मिळाला. मोझांबिकमधील कित्येक गावांत ती जड चक्री पुढे बायकांनाच फिरवावी लागली. त्यांना आधी विचारले होते कोणी?

केनियातील सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने निराळी वाट धरली. सुमारे १०,५०० कुटुंबांना प्रत्येकी हजार डॉलरच्या आसपास रक्कम मोबाइलवरून थेट दिली. खर्च कशावर करावा, याची अट नाही. कोणी छपरावर पत्रे घातले, कोणी जनावरे घेतली. दारूवरचा खर्च वाढल्याचे त्याच भागातील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले नाही. रस्ता वा दवाखाना अशा पैशांतून उभा राहत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु घरच्या गरजा घरच्यांनाच अधिक कळतात, हे नाकारायचे कसे?

पात्रतेचा प्रश्न मात्र येथेही सुटला नाही. गवती छप्पर असेल त्यालाच रक्कम, असा संस्थेचा निकष होता. पै-पै साठवून आधीच पत्रे घातलेला शेजारी त्यात बसला नाही.