'नाही'ला कलम नाही

गर्भपाताच्या कायद्याखालच्या कागदपत्रांत एक पाकीट असतं. बाईची संमती आणि डॉक्टरचं लेखी मत त्यात घालायचं, पाकीट सील करायचं, वर नोंदवहीतला अनुक्रमांक टाकायचा आणि 'गुप्त' असं लिहायचं. नोंदवही पाच वर्षं जपायची. नागपुरात धंतोलीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या केबिनमध्ये ही पाकिटं कुलूपबंद कपाटात असतात. त्या एकदा म्हणाल्या, "कपाटात गुप्त पाकीट, आणि दारात हवालदार. मुलीचं नाव सांगा म्हणतो."

त्यांच्या त्राग्यामागे कायद्याची जुनी ठेवण आहे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली 1964 मध्ये समिती नेमली गेली, तिच्या अहवालातून 1971 चा कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. मात्र बाईला हक्क आहे, असं हा कायदा म्हणत नाही. अमुक अटी पाळल्या तर डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, एवढंच म्हणतो. गुन्हा भारतीय दंड संहितेत कायम राहिला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या 88 ते 92 या कलमांत आहे. म्हणजे पेशंट समोर बसली की डॉक्टर आधी आरोपीच्या जागेवरून विचार करू लागतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस ते चोवीसमध्ये ठरावीक प्रकारच्या स्त्रियांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. सोनोग्राफीतले चार दिवस इकडचे तिकडे झाले तरी पायरी बदलते.

ही भीती उगाच नाही, हेही मान्य करायला हवं. परळीच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानं 2012 मध्ये महाराष्ट्र हादरला. 2017 मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेली अर्भकं सापडली. जानेवारी 2022 मध्ये आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत, एका खासगी रुग्णालयाच्या बायोगॅसच्या खड्ड्यातून कवट्या आणि हाडं निघाली. तपासाची सुरुवात एका तेरा वर्षांच्या मुलीच्या गर्भपातापासून झाली होती. अशा बातमीनंतर तपासणीचा फेरा येतो आणि तो नियमानं चालणाऱ्यांकडेही जातो. गर्भलिंगनिदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा. पण वरच्या साहेबापासून खालच्या लिपिकापर्यंत दोन्हींची खिचडी झालेली दिसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरचा गर्भपात म्हटला की पहिला प्रश्न येतो, "मुलगी होती का?"

पोक्सोचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचा, पेच याहून अवघड. सतरा वर्षांची मुलगी, तिचा एकोणीस वर्षांचा मित्र, सोबत तोंड लपवणारी आई. कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. नाव उघड केलं तर गर्भपाताच्या कायद्यातल्या गुप्ततेचा भंग, त्यालाही वर्षभरापर्यंत शिक्षा. सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 रोजी वाट काढली: मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना नाव देऊ नये. पोलीस ठाण्यापर्यंत हे पोचायला वेळ लागतोय. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला पोलिसांना पुन्हा हेच ऐकवावं लागलं.

तेव्हा डॉक्टर सोपा मार्ग धरतात. नाही म्हणतात. किंवा नाही न म्हणता नवऱ्याची सही मागतात, जी सज्ञान बाईच्या बाबतीत कायद्यानं मागितलेलीच नाही. किंवा "कोर्टाची ऑर्डर आणा". वास्तविक बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीनं गर्भपात करायचा असेल तर कोर्टात जावं लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्येच स्पष्ट केलं होतं. चोवीस आठवड्यांपुढच्या बायकांना विनाकारण कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत, यासाठी नागपूर खंडपीठानं 2024 मध्ये शासनाला कार्यपद्धती आखायला लावली. तरी वाक्य तेच ऐकू येतं, कारण ऑर्डर हातात असली की झोप लागते.

माझा आक्षेप इथे आहे. सगळं नियमानं करणाऱ्या डॉक्टरमागे चौकशी लागू शकते. नकार देणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्याच्या नकारानंतर बाईनं दुकानातून गोळ्या आणल्या, चुकीच्या महिन्यात घेतल्या आणि रक्तस्राव होत मेयो रुग्णालयाच्या अपघात विभागात आली, तर त्या केसपेपरवर त्याचं नाव नसतं. कायदा असा एका बाजूनं झुकलेला असल्यावर नीतीचं ओझं डॉक्टरवरच पडतं, आणि तिथे 'मी हात लावला नाही' हे उत्तर पुरत नाही.

मात्र हात लावणं काही वेळा खरोखर जड असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भाबाबत सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर एम्सच्या डॉक्टरांनीच कळवलं, गर्भ जगण्याची शक्यता आहे, त्याचं हृदय थांबवायचं का ते स्पष्ट सांगा. न्यायालयानं पुढे परवानगी नाकारली. एप्रिल 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी 22 तारखेला दिलेला आदेश 29 ला मागे घेतला गेला, कारण तिच्या जिवाच्या काळजीनं पालकांचं मन बदललं. आदेशावर सही न्यायाधीशाची असते, सुई डॉक्टरच्या हातात. एखाद्याचं मन अशा टप्प्यावर कच खात असेल तर त्याला दोष देणं मला जमत नाही. फक्त त्यानं ते कायद्याच्या नावावर खपवू नये, आणि पेशंटला दुसरा पत्ता द्यावा.

धंतोलीच्या बाईंकडे एका शनिवारी छिंदवाड्याकडून मायलेकी आल्या. मुलगी एकोणीस वर्षांची, अविवाहित, एकवीस आठवडे. अविवाहितांनाही चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा देणाऱ्या 2022 च्या त्याच निकालात बसणारी केस, फक्त दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं होतं. बाईंनी तिघांना फोन केले. एक बाहेरगावी, एकाला सोमवारी बघू, तिसऱ्यानं सांगितलं, "मॅडम, अविवाहित आहे, मला यात ओढू नका." शेवटी त्यांनी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, नावानं चिठ्ठी लिहिली, तिथल्या निवासी डॉक्टरला फोन लावून ठेवला, रिक्षावाल्याला गेट समजावलं.

त्या मायलेकी तिथे पोचल्या की परस्पर बसस्टँडवर गेल्या, हे बाईंना अजून कळलेलं नाही.