कोंडवाड्याचा धर्म

जयपूरच्या गोविंददेवजींच्या मंदिरात दिवसातून सात वेळा दर्शन खुलं होतं. प्रत्येक दर्शनाला तिथे झांकी म्हणतात. पहाटे मंगला, रात्री शयन आणि मधल्या पाचांपैकी एक ‘ग्वाल’. ग्वाल म्हणजे गुराखी. राजभोग आटोपून देव विश्रांती घेतो आणि उन्हं कलल्यावर पडदा सरकतो, तेव्हा समोर उभा असतो तो गाई राखणारा कृष्ण. सवाई जयसिंगांनी १७२७ साली हे शहर वसवलं आणि त्याचं राजेपण या देवाच्या पायाशी ठेवलं. जयपूरचे राजे स्वतःला गोविंदाचे दिवाण मानत. म्हणजे या शहराचा खजिना मुळात एका गुराख्याचा आहे, अशी ही श्रद्धा.

त्याच शहराच्या महापालिकेची, तिकडच्या भाषेत नगर निगमची, एक गोशाळा शहराबाहेर हिंगोनियाला आहे. रस्त्यावर भटकणारी, मालकाने सोडलेली, अपघातात पाय मोडलेली, पोटात प्लास्टिकचे गोळे झालेली जनावरं निगमच्या गाड्या उचलतात आणि तिथे आणून सोडतात. २०१६ साली तिथे आठेक हजार जनावरं होती. त्यांचं शेण काढणारे, चारा टाकणारे, पडलेल्या गाईला उठवून उभं करणारे दोनशेहून अधिक कामगार कंत्राटी होते. त्यांचे पगार थकले. जुलैच्या उत्तरार्धात त्यांनी काम थांबवलं. त्याच दिवसांत जोराचा पाऊस झाला. शेण, मूत आणि चिखल यांचा रबडा झाला, अशक्त जनावरं त्यात बसली आणि रुतली. बसलेली गाय फार वेळ उठली नाही तर मरते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. दोन आठवड्यांत पाचशेहून अधिक गाई मेल्याच्या बातम्या देशभर गेल्या.

गोपालनासाठी स्वतंत्र मंत्री नेमणारं राजस्थान हे देशातलं पहिलं राज्य. गाईच्या नावाने तिथे भावनेचा तुटवडा नव्हता, कायद्याचा नव्हता, भक्तीचा तर नव्हताच. कमी पडली ती माणसांच्या महिन्याच्या मजुरीची रक्कम.

या घटनेकडे पाहायच्या दोन सोप्या तऱ्हा आहेत. एक, भ्रष्टाचार आणि हलगर्जीपणा म्हणून. दुसरी, संपकऱ्यांनी मुक्या जनावरांना वेठीस धरलं म्हणून. पहिलीत चौकशी होते, निलंबनं होतात, प्रकरण मिटतं. दुसरीत राग काढायला गरीब माणसं सापडतात. दोन्हींच्या खाली जो प्रश्न उरतो तो धर्माचा आहे, आणि तो जयपूरपुरता नाही. अंदाजपत्रकावर चर्चा करायला बसलेल्या प्रत्येक सभागृहाचा तो प्रश्न आहे: संस्थेला धर्म असतो का? दया हा मनाचा गुण मानला, तर ज्याला मनच नाही त्या महापालिकेने दया कशी करायची?

एखाद्या बाईला दारातल्या गाईची कणव आली तर ती घासातला घास काढून देते. आपल्याकडे त्याला गोग्रास हा शब्द आहे. पोळी तव्यावरून उतरायच्या आधीच तिच्यातला वाटा ठरलेला असतो. महापालिकेला मात्र कणव येऊच शकत नाही. तिच्याकडे आहेत लेखाशीर्षं, तरतूद, मंजुरी आणि देयकं. नगरसेवकाला कणव येईल, आयुक्ताला येईल. ती कणव तरतुदीत उतरेपर्यंत हिंगोनियाच्या गाईला ठाऊकही नसते. अंदाजपत्रक हेच संस्थेचं मन. म्हणून एखादी तरतूद कापणं, किंवा तरतूद कागदावर तशीच ठेवून पैसे न सोडणं, याला हिशेबाचं काम म्हणता येणार नाही. संस्थेच्या पातळीवर ती नैतिक कृती आहे, माणसाने हात आखडावा तशी.

यावर येणारा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पैसा मोजका असतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशी अठरा कामं आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य, घनकचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानं, आणि पंधराव्या क्रमांकावर कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध. कामं सोपवली गेली, पैसा त्या मानाने आला नाही. देशभरातल्या बहुतेक पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. अशा वेळी एखादा नगरसेवक उठून विचारतो की नाल्यात माणूस वाहून जातोय आणि तुम्ही चाऱ्यावर खर्च करता? त्याला निर्दय म्हणून चालणार नाही. माणसाच्या वस्तीतला नाला आधी, असं म्हणणारा पक्ष धर्माच्या बाहेरचा नाही.

सावरकर हाच विचार वेगळ्या धारेने मांडत होते. त्यांच्या लेखी गाय हा उपयुक्त पशू. तिचं पालन करावं, पूजा करू नये. महाराष्ट्रात हा वाद नव्वद वर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजू प्रत्येक निवडणुकीला नव्याने उभ्या राहतात. पण गाय देवता की पशू, याचा निकाल लागला तरी हिंगोनियाचं शेण कोण काढणार हे ठरत नाही. वादाचा सगळा जोर गाईच्या दर्जावर राहतो आणि तिच्याजवळ उभा असलेला माणूस चौकटीबाहेर जातो.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. रस्त्यावरची गाय उकिरडा फुंकून, भाजीवाल्याच्या पाल्यावर, कुणी टाकलेल्या शिळ्या पोळीवर जगते. वाईट जगते, पण स्वतःच्या पायांवर जगते. निगमची गाडी तिला उचलून आणते तेव्हा तिचा तो आधार तोडला जातो. दावणीला बांधलेल्या जनावराला कुणी काही दिलं नाही तर मिळवण्याचा मार्गच उरत नाही. तेव्हा दावं बांधताक्षणी बांधणाऱ्याच्या अंगावर ऋण चढतं. हे ऋण दानासारखं नाही की जमलं तर द्यावं, नाही तर पुढच्या वर्षी बघू. नाल्याला अग्रक्रम द्यायचा असेल तर तो गाडी पाठवण्याआधी द्यावा. आठ हजार जनावरं आत घेतल्यावर त्यांच्या तरतुदीवर कपात सूचना मांडता येत नाही, जशी अनाथाश्रमात मूल घेतल्यावर त्याच्या दुधावर मांडता येत नाही.

आणि हे ऋण फक्त गाईचं नाही.

धर्मशास्त्राने गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले: ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. भूतयज्ञात गाय, कुत्रा, कावळा, मुंगी यांचा वाटा. मनुष्ययज्ञात दाराशी आलेल्या माणसाचा. ही दोन नावं शेजारीशेजारी आहेत, आणि एकाचा वाटा मारून दुसऱ्याला देण्याची सोय त्यात नाही. हिंगोनियात मनुष्ययज्ञ थकला तेव्हा भूतयज्ञ दोन आठवडेही तग धरू शकला नाही. जी गोष्ट शास्त्राने कर्तव्य म्हणून सांगितली होती ती तिथे चिखलात डोळ्यांनी दिसली: चारा आणि मजुरी ही दोन वेगळी लेखाशीर्षं नव्हतीच.

त्या कामगारांना तेव्हा निष्काम कर्माची आठवण करून देणारे लोक होतेच. गोसेवा आहे, पैशाकडे काय पाहता, ही भाषा गोशाळांत, मंदिरांत, आश्रमांत सर्रास ऐकू येते. या भाषेत मोठी गफलत आहे. फळाची आसक्ती सोडायला सांगणारा उपदेश प्रत्येकाने स्वतःच्या फळाविषयी ऐकायचा असतो. दुसऱ्याचा पगार अडवताना तो वापरणं म्हणजे उपदेशाची चोरी आहे. शिवाय मजुरी हे फळ नव्हे. ज्याची चूल त्या मजुरीवर पेटते त्याच्या बाबतीत ती कर्माचीच अट आहे. गावगाड्यात अन्याय पुष्कळ होता, जातीची उतरंड होती, पण बलुतेदाराचा वाटा खळ्यावरच निघायचा, धान्य धन्याच्या घरात जायच्या आधी. कंत्राटाच्या साखळीत तो वाटा सर्वांत शेवटी निघतो, आणि कपात आली की सर्वांत आधी बुडतो.

मराठी मनाला या प्रसंगी दामाजीपंत आठवणं स्वाभाविक आहे. पंधराव्या शतकातला दुष्काळ, मंगळवेढ्याचं कोठार, बिदरच्या सुलतानाचं धान्य आणि दारात उपाशी लोक. दामाजींनी कोठार उघडलं. संतकथा सांगते की विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेऊन आला. कीर्तनकार या कथेत दामाजींच्या दयेवर रंगतात, ते योग्यच आहे. पण कथेला पावतीची गरज का वाटली असेल? देवाने सुलतानाचं मन पालटलं, हिशेब माफ झाला, असंही सांगता आलं असतं. तसं कथा सांगत नाही. दया झाली, आता तिचे पैसे कुणीतरी भरायला हवेत, हे ती विसरत नाही. आणि ते भरायला देव राजा होऊन जात नाही. गावाची ओझी वाहणारा, गावातलं मेलेलं जनावर ओढणारा माणूस होऊन जातो.

त्या माणसाचं काय होतं, हे २०१६ च्या जुलैनेच दाखवलं. हिंगोनियाचा संप सुरू होण्याआधी जेमतेम दहा दिवस, ११ जुलैला, गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं सोडवणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी बेदम मारलं. त्यानंतर गुजरातेत अनेक ठिकाणी दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं नाकारलं. एकीकडे जिवंत गाईचं शेण काढणाऱ्याला पगार नाही, दुसरीकडे मेलेल्या गाईला हात लावणाऱ्याला मार. गाय पवित्र ठेवण्याचं सगळं काम ज्यांच्या हातांनी होतं ते हात या पावित्र्याच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. दोन राज्यांतल्या या दोन बातम्या त्या दिवसांत वेगवेगळ्या छापून आल्या. त्या एकत्र वाचायला हव्या होत्या.

ज्याने त्या एकत्र वाचल्या असत्या असा माणूस जयपूर संस्थानातच जन्मला होता. जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातले, दत्तक म्हणून वर्ध्याला आले आणि वर्ध्याचे झाले. जयपूर प्रजामंडळाचं नेतृत्व त्यांनी केलं, १९३९ मध्ये जयपूर दरबारने त्यांना अटकेत ठेवलं. १९४१ मध्ये गांधींच्या सल्ल्याने त्यांनी उरलेलं आयुष्य गोसेवेला द्यायचं ठरवलं, वर्ध्यात गोसेवा संघ उभा राहिला आणि हा कोट्यधीश गोपुरीत झोपडीत राहू लागला. गांधी ‘हिंद स्वराज्य’पासून सांगत आले होते की गोरक्षणाच्या नावाने चाललेल्या सभा गाईचं भलं करत नाहीत. त्यांना पांजरपोळांऐवजी शास्त्रशुद्ध दुग्धालयं हवी होती आणि त्यांच्या जोडीला चर्मालय हवं होतं. वर्ध्याजवळच्या नालवाडीत ते उभंही राहिलं. स्वाभाविक मरण आलेल्या जनावराचं कातडं तिथे कमावलं जाई. मेलेल्या गाईचं मोल मजुराच्या हाती आणि त्यातून जिवंत गाईचा सांभाळ, असा तो व्यवहार होता. सश्रद्ध माणसांनी केलेला हिशेब होता तो, आणि त्यात कातडं कमावणारा आत होता. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ ला गेले, जेमतेम काही महिने त्यांना मिळाले.

जयपूरमध्ये पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये निगमने हिंगोनियाचा कारभार हरे कृष्ण चळवळीशी जोडलेल्या न्यासाकडे सोपवला. ३१ मे २०१७ ला याच प्रकरणात, निवृत्तीच्या दिवशी, राजस्थान उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती महेशचंद्र शर्मा यांनी गाईला राष्ट्रीय पशू घोषित करण्याची शिफारस केली, आणि बातम्यांत तेवढीच उरली. त्याच वर्षी राज्याने मुद्रांक शुल्कावर १० टक्के गोअधिभार लावला. २०१८ मध्ये दारूवरही अधिभार आला. २०१९ मध्ये निगमचे हेरिटेज आणि ग्रेटर असे दोन तुकडे झाले, २०२५ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. न्यासाकडे गेल्याने जनावरांची स्थिती सुधारली तर त्याचा आनंदच आहे. तरी शहराचं ऋण दुसऱ्याने उचललं म्हणून शहर ऋणमुक्त होत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आईला भावाकडे पोचवून आल्यावरही तिच्या औषधाचा खर्च आपल्या डोक्यावर असतो, तसंच हे.

महाराष्ट्रानेही ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि त्याच दिवशी गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान मंजूर केलं. घोषणेबरोबर रक्कम आली, ही समाधानाची बाब. आता त्या ५० रुपयांत काय काय बसतं ते जिल्ह्याजिल्ह्यांत पाहायला हवं: कडबा, पेंड, पाणी, जंताचं औषध, पशुवैद्याची फेरी, आणि पहाटे फावडं घेऊन गोठ्यात उतरणाऱ्या माणसाची मजुरी. अंदाजपत्रकाची जाडजूड प्रत येत्या फेब्रुवारीत नगरसेवकांच्या टेबलांवर पडेल, तेव्हा कोंडवाड्याच्या पानावर पोचलेल्या सदस्याने चाऱ्याची रक्कम वाचून पान उलटू नये. खाली कंत्राटी सेवेची ओळ असते. तिच्यासमोर मागच्या वर्षी किती मंजूर झाले आणि त्यातले किती खरोखर पोचले, हे दोन आकडे त्याने सभागृहात उभं राहून विचारावेत.