बाळंतिणीचं लक्ष कसं मोजायचं?

माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे होती. तिसऱ्या आठवड्यातल्या एका पहाटे बाळ रडत होतं आणि ती पाळण्याची दोरी हातात धरून नुसती बसली होती. "आई, ऐकू येतंय गं मला, पण हातच हलत नाहीये," म्हणाली. बाळाला मी घेतलं, तिला आडवं व्हायला लावलं. चार तास सलग झोपून ती उठली, आणि बाळाने नुसती मूठ तोंडाशी नेली तरी तिला कळलं, भूक लागलीय.

‘सजग पालकत्व’ मोजणारी प्रश्नावली त्या पहाटे आणि त्या सकाळी तिच्या हाती दिली असती, तर एकाच आईला दोन वेगवेगळे गुण पडले असते.

अमेरिकेतल्या लॅरिसा डंकन यांनी अशी मोजपट्टी २००७ मध्ये मांडली. पूर्ण लक्ष देऊन ऐकणं, स्वतःला आणि मुलाला दोष न देता स्वीकारणं, दोघांच्या भावना ओळखणं, रागाच्या भरात न वागणं, दोघांविषयी करुणा बाळगणं, अशा पाच बाजू त्यामागे आहेत. आईने प्रत्येक विधानापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत खूण करायची. मोजपट्टी मुळात मोठ्या मुलांच्या पालकांसाठी होती. पुढे ती तान्ह्या बाळांच्या आयांसाठीही तपासली गेली. हे काम मला मोलाचं वाटतं. आईच्या मनात काय चाललंय हे विचारण्याजोगं आहे, एवढं तरी त्यामुळे मान्य झालं.

पण न बोलणाऱ्या बाळाचं ‘ऐकणं’ म्हणजे काय? झोपेचं रडणं आणि पोटदुखीचं रडणं वेगळं ओळखणं, दूध पुरे झालं की ते मान फिरवतं ते पाहणं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी हे बाल्टिमोरमधल्या २६ घरांत बसून पाहिलं. वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, एका वेळी सुमारे चार तास. कागदावरच्या खुणा स्वस्त पडतात, पण त्यात एक गोची आहे. जिचं लक्ष खरोखर बाळाकडे असतं, तिला आपलं लक्ष कधी उडालं हेही जास्त जाणवतं. ती प्रामाणिकपणे स्वतःला कमी गुण देते. जिला ते जाणवतच नाही, ती ‘नेहमी’वर खूण करून मोकळी होते.

शिवाय लक्ष हा एकट्या आईचा गुण नाहीच. रात्री दुपटं कोण बदलतं, तिला गरम जेवण कोण वाढतं, ‘दूध पुरत नाही का गं?’ असं दिवसातून कितीदा कानावर येतं, यावर ते ठरतं. शेतमजुरीला लवकर परतणाऱ्या बाईचे कमी गुण हे तिच्या मायेचं माप कसं असेल?

हे सगळं घरी गेल्यावरच दिसतं, आणि घरी जाण्याची वाट आपल्याकडे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्याच धर्तीवर आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईंनी ४२ दिवसांत सहा वेळा जायचं असतं. बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो. तिथेच आईशीही निवांत बोलता येईल.

मराठीत अशी प्रश्नावली वापरणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिला प्रश्न हा ठेवा : काल रात्री सलग किती तास झोप झाली? आणि तो तिच्या नवऱ्यालाही विचारा.