शब्दाची अमानत, गळ्याची अमानत

आमच्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, दरवर्षी १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती साजरी होते. अशाच एका जयंतीच्या संध्याकाळी आम्ही चार-पाच मित्र कार्यक्रम आटोपून चहाच्या टपरीवर उभे होतो. शेजारी गाणाऱ्या पथकातली तरुण मुले होती. बोलता बोलता नावे कळली, तसा त्यांतला एक जण हसत म्हणाला, "चाचा, खरं सांगा, तुमचे अमर शेख मोठे की आमचे अण्णाभाऊ?"

आमच्यातल्या दोघांनी एका दमात उत्तर दिले, "अमर शेख!" मुले हसली, आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र ते हसू टिकले नाही. अमर शेख मोठे, असा निवाडा आम्ही देऊन टाकला होता; पण त्यांचा 'कलश' हा कवितासंग्रह आमच्यापैकी एकाच्याही घरी नव्हता. अण्णाभाऊंची 'फकिरा' मात्र सगळ्यांनी वाचलेली होती. मग निवाडा कशाच्या बळावर दिला? केवळ नावाच्या. एका थोर माणसाला आम्ही जमातीचा उमेदवार करून टाकले होते.

यावर काही जण म्हणतील, दोन थोरांची तुलना करूच नये, दोघेही आपापल्या जागी मोठे. हे बोलणे सभ्य आहे, पण त्यात एक आळस दडलेला आहे. सगळे सारखेच थोर म्हटले की कोणाचेच काही वाचावे लागत नाही, ऐकावे लागत नाही. इन्साफ म्हणजे दोघांना सारखेच माप घालणे नव्हे. ज्याचे जे आहे ते त्याच्या पदरात घालणे. त्यासाठी तुलना करावीच लागते. प्रश्न एवढाच, की ती करताना तराजू कोणता घ्यायचा?

दोघांच्या आयुष्यांत साम्य पुष्कळ. अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. गाण्याचा वारसा आई मुनेरबी यांच्याकडून आलेला. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, कामगारांच्या लढ्यात तुरुंगात गेले. अण्णाभाऊ वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०चा. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोटासाठी घरच्यांबरोबर मुंबईपर्यंत पायपीट केली. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले, त्यात हे दोघे आणि द. ना. गवाणकर एकत्र आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी गावोगावची मैदाने जागवली. आणि १९६९ साली दोघेही गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ, २९ ऑगस्टला अपघातात अमर शेख. मध्ये अवघे सहा आठवडे.

पण सामर्थ्याची जात वेगळी होती. अण्णाभाऊंचे बळ रचनेत. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड पाहा. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या गड्याला गावी राहिलेली बायको आठवते, इथून गाणे सुरू होते. ऐकणारा गिरणी कामगार मनात म्हणतो, ही तर माझीच गोष्ट. तो असा गुंतला, की शाहीर त्याला हळूच चळवळीत आणून सोडतात, आणि घरच्या ताटातुटीला महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या ताटातुटीचा अर्थ येतो. लावणीचा जुना साचा न मोडता त्यात नवा आशय भरणे, हसवता हसवता चिमटा काढणे, हे अण्णाभाऊंनी करावे. तमाशाच्या फडात कान तयार झालेला होता आणि माणसे पाहिलेली होती, म्हणून ते साधले.

अमर शेखांचे बळ गळ्यात. ते स्वतः कवी होते, 'कलश'नंतर 'धरतीमाता' हा त्यांचा दुसरा संग्रह आला. तरीही ज्यांनी त्यांना मैदानावर ऐकले, ती जुनी माणसे आधी आवाजाचेच सांगतात. डफावर थाप पडायची, पहाडी सूर वर चढायचा आणि पांगलेली माणसे सभेकडे वळायची. तो आवाज नुसता मोठा नव्हता. भिऊन घरी बसलेल्याला बाहेर काढील असा भरवसा त्यात होता. कागदावर साधी दिसणारी ओळ त्यांच्या तोंडी मैदानाची होऊन जात असे.

तेव्हा आमचा प्रामाणिक निवाडा असा: रचनाकार म्हणून अण्णाभाऊ मोठे, गायक म्हणून अमर शेख मोठे. हे लिहिताना आमच्यातल्या एकाला थोडे जड गेले, हेही कबूल करतो.

पण इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. शब्द कागदावर राहतो, पुन्हा छापता येतो, भाषांतरातून दूरदेशी जातो. २००२ साली अण्णाभाऊंवर टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हा मान त्यांच्या हक्काचा, उलट उशिराच मिळालेला. गळ्याचे काय? काही ध्वनिमुद्रणे उरतात, 'प्रपंच'सारख्या चित्रपटात चेहरा दिसतो. पण हजारोंच्या गर्दीतला तो क्षण ऐकणाऱ्यांबरोबरच संपत जातो. ज्याने आपले सर्वस्व श्वासात ओतले, त्याचे ऋण कागदावर कमी उरले म्हणून कमी होते का? २०१६च्या ऑक्टोबरात बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाला साहित्याचे नोबेल जाहीर झाले आणि गाणे हे साहित्य आहे का, यावर जगभर वाद रंगला. त्यानंतर आठवड्याभरातच अमर शेखांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. आम्ही डिलनवर वाद घातला. बार्शीच्या शाहिराची आठवण आमच्या बैठकीत निघालीही नाही.

आणि ते काही आम्हाला परके नव्हेत. गिरणीच्या संपानंतर ते ज्या विसापूरच्या तुरुंगात होते, तो आमच्याच जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यात आहे. त्याच तुरुंगातल्या ओळखींतून ते कम्युनिस्ट विचारांकडे वळले. ज्या श्रीगोंद्यात संत शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' रचला, त्याच मुलखात हा दुसरा शेख घडला.

मग 'तुमचे' आणि 'आमचे' याचे काय करायचे? आमच्याच संगमनेरचे शाहीर अनंत फंदी. जन्माने ब्राह्मण, आडनाव घोलप. मलक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे 'फंदी' हे नाव त्यांना चिकटले, असे परंपरा सांगते. दोनशे वर्षे झाली, लोक घोलप विसरले, फंदी विसरले नाहीत. गाणाऱ्याची जमात अशी दोस्तीतून ठरते. अण्णाभाऊ आणि अमर शेख एका डफाभोवती उभे राहिले. त्यांना वेगळ्या वेगळ्या मोहल्ल्यांत नेऊन बसवण्याचा हक्क आम्हाला कोणी दिला?

अमर शेखांचा अभिमान आम्ही सोडावा, असे नाही. मुसलमान घरातल्या आईच्या ओठांवर मराठी गाणे होते, याची साक्ष म्हणून ते आम्हाला हवेतच. पण अभिमान म्हणजे मालकी नव्हे. ती अमानत आहे आणि अमानत सांभाळावी लागते. शब्दाची अमानत वाचून सांभाळायची, गळ्याची गाऊन.

तो मुलगा पुन्हा भेटला तर आम्ही त्याला सांगू, "बेटा, मागच्या वेळी आम्ही न वाचताच उत्तर दिले, ते परत घेतो. पुढच्या १ ऑगस्टला तुमच्या पथकाने अमर शेखांचे एक गाणे बसवावे. आणि २० ऑक्टोबरला आमच्याकडे यावे, आम्ही अण्णाभाऊंची छक्कड म्हणू. गळा आमचा बेताचाच आहे, तेवढे सांभाळून घ्या."