गद्दार कोणाला म्हणावे?

लढाई सुरू झाली की पहिला हुकूम सुटतो : आता तोंड बंद ठेवा. शांततेच्या काळात ज्याला टीका म्हणतात, त्याच बोलण्याला युद्धात गद्दारी हे नाव मिळते. हा न्याय खरा आहे काय? उत्तर शोधायला नांदेड-लातूरच्या माणसाला दूर जावे लागत नाही.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. १९४८ साली हैदराबाद संस्थानावर लढाईचे ढग जमले, तेव्हा रझाकारांविरुद्ध बोलणे म्हणजे कौमविरुद्ध बोलणे, असे ठरून गेले होते. अशा वेळी बाकर अली मिर्झा यांच्यासह सात मुस्लिम मान्यवरांनी रझाकारांना आवरा, भारतात सामील व्हा, असे जाहीर निवेदन काढले. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते छापले. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांना गाठून ठार मारण्यात आले. त्यांचा हातही तोडण्यात आला.

महिनाही झाला नाही तोच, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. मग गद्दार कोण? खड्डा दाखवणारा, की खड्ड्यात नेणारा?

पण गोष्ट इथे संपत नाही. पोलीस ॲक्शननंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे मंडळ संस्थानात फिरले. त्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता, उस्मानाबादही होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत असे. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, हेही त्यांनी नोंदवले. हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. लोक रझाकार म्हणतील, या धास्तीने घराघरांतली तोंडेही मिटली.

आमच्या इमानाची कसोटी इथेच लागते. सुंदरलाल सांगणारे शोएबुल्लांना विसरतात, शोएबुल्लांचे नाव घेणारे सुंदरलालांना. आपल्या जखमेपुरते सत्य सांगणे ही अर्धी साक्ष झाली. साक्ष स्वतःविरुद्ध, आप्तांविरुद्ध गेली तरी खरी द्या, अशी सूरह निसाची शिकवण आहे. त्यात युद्धाचा अपवाद नाही.

फौजेच्या हालचाली गुप्त राहाव्यात, कोणी द्वेष भडकावू नये, हे आम्हांला मान्य आहे. परंतु सत्तेच्या धोरणावर मत मांडणे निराळे. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत पुण्यातील एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरासाठी अटक झाली. मजकूर काढून टाकून तिने माफी मागितली होती, तरी कॉलेजनेही तिला काढले. मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका केली आणि सरकारला खडसावले. कायद्याने तिला वाचवले. शोएबुल्लांना वाचवायला कोणी नव्हते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचे काम एवढेच, की त्या दिवशी मुलांना शोएबुल्लाही सांगावेत आणि तो अहवालही. एक सांगून दुसरे झाकू नये.